‘शॅल’, ‘मे’ आणि त्यांच्या शेजारचा शब्द

इंग्रजीत कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड आणि मस्ट अशी नऊ साहाय्यक क्रियापदे आहेत. व्याकरणात त्यांना मोडल म्हणतात. ती स्वतः कोणतेही काम सांगत नाहीत. पुढच्या क्रियापदाने सांगितलेले काम शक्य आहे, बंधनकारक आहे, परवानगीचे आहे की नुसता अंदाज आहे, हे ती ठरवतात. मात्र त्यांचे माप ढोबळ असते. ‘ही मे कम’ म्हणजे तो येण्याची थोडीशी शक्यता आहे, बरीच आहे, की त्याला येण्याची मुभा आहे, हे ‘मे’वरून कळत नाही. हा संदिग्धपणा बहुतेक वेळा शेजारचे क्रियाविशेषण दूर करते. ‘ही मे पॉसिब्ली कम’ म्हटले की शक्यता बारीक होते, ‘ही मे वेल कम’ म्हटले की ती बळावते, आणि ‘ही मे सर्टनली कम, बट...’ असे वाक्य सुरू झाले की बोलणारा समोरच्याचे म्हणणे आधी मान्य करून मग आपला मुद्दा मांडणार, हे ऐकणाऱ्याला आधीच उमगते.

शाळेत मोडल एका धड्यात शिकवतात आणि क्रियाविशेषणे दुसऱ्या. बोलताना आणि लिहिताना मात्र ती जोडीनेच येतात, आणि चुका होतात त्या या जोडीतच. गोव्यात याला विशेष महत्त्व आहे. पेडणे, डिचोली या तालुक्यांतली बरीच मुले चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकतात आणि पाचवीपासून सगळे विषय इंग्रजीतून घेतात. पुढे त्यांतली काही वास्कोत बंदर, जहाजबांधणी, रेल्वे, विमानतळ अशा ठिकाणी नोकरीला लागतात. तिथले नियम, सूचना, परवाने इंग्रजीत असतात. ‘शुड’च्या जागी ‘शॅल’ वाचले, तर कामात फरक पडतो.

मोडलचे अर्थ ढोबळ मानाने दोन गटांत पडतात. पहिला गट माणसाच्या वागण्याचा: हुकूम, परवानगी, कर्तव्य, क्षमता. दुसरा गट बोलणाऱ्याच्या खात्रीचा: असेल, नसेल, असणारच. एकच मोडल दोन्ही गटांत वावरतो. ‘यू मस्ट बी ॲट द जेटी बाय फाइव्ह’ हा हुकूम आहे. ‘यू मस्ट बी टायर्ड’ हा अंदाज आहे. मराठीतही ‘तो घरी असला पाहिजे’ या वाक्याचे दोन अर्थ होतात, म्हणून मराठी माणसाला ही अडचण अगदीच परकी नाही. पण मराठीला सुटकेचे मार्ग जास्त आहेत. हुकूम असेल तर ‘असायला हवा’, अंदाज असेल तर ‘असणार’ किंवा ‘असेल’ असे क्रियापदाचे रूपच बदलता येते. इंग्रजीत ‘मस्ट’ तसाच राहतो. मग कोणता अर्थ घ्यायचा हे संदर्भावरून किंवा क्रियाविशेषणावरून ओळखावे लागते. ‘मस्ट इमीडिएटली’ किंवा ‘मस्ट ऑल्वेज’ दिसले की वाक्य बहुधा हुकुमाचे असते. ‘मस्ट शुअरली’ दिसले तर ते अंदाजाचे असते.

दोन्ही शब्द एकाच वजनाचे असले, तर ते एकमेकांना दुजोरा देतात. ‘मे पॉसिब्ली’, ‘विल डेफिनिटली’, ‘मस्ट सर्टनली’ या अशा जोड्या आहेत. भाषाशास्त्रज्ञ जॉन लायन्स यांनी १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिमँटिक्स’ या ग्रंथात या मेळाची चर्चा केली आहे, आणि जेनिफर कोट्स यांनी १९८३च्या आपल्या पुस्तकात प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचे नमुने तपासून मोडलच्या अर्थांचा अभ्यास मांडला. मेळ जमला की दोन शब्द मिळून एकच शक्यता सांगतात. ‘मे’ची एक आणि ‘पॉसिब्ली’ची वेगळी अशी दोन शक्यतांची बेरीज तिथे होत नाही. वजने जुळली नाहीत, तर क्रियाविशेषण मोडलच्या कक्षेतून बाहेर पडते आणि सगळ्या वाक्यावर शेरा होऊन बसते. ‘ही मे सर्टनली’मध्ये हेच घडते. ‘सर्टनली’ तिथे येण्याची खात्री सांगत नाही. शक्यता आहे, हे आपल्याला मान्य असल्याची खात्री सांगते.

यानंतर प्रश्न येतो जागेचा. खात्री सांगणारे क्रियाविशेषण साधारणपणे पहिल्या साहाय्यक क्रियापदानंतर बसते. ‘द शिप विल प्रॉबब्ली हॅव सेल्ड बाय नाइन’, म्हणजे नऊपर्यंत जहाज बहुतेक सुटलेले असेल. साहाय्यक क्रियापदे दोन आहेत, ‘विल’ आणि ‘हॅव’. ‘प्रॉबब्ली’ पहिल्याच्या मागोमाग बसला आहे. क्रियाविशेषण मोडलच्या आधी आणले, तर मोडलवरच जोर येतो: ‘आय रिअली मस्ट गो’ म्हणजे आता निघायलाच हवे. ‘वोन्ट’, ‘कान्ट’ अशी नकाराची जोडरूपे आली की नियम उलटतो आणि ‘प्रॉबब्ली वोन्ट’ असा क्रम होतो. मराठी मुलांकडून इथे हमखास ‘वोन्ट प्रॉबब्ली’ होते, कारण होकारार्थी वाक्यात ‘विल प्रॉबब्ली’ पाठ झालेले असते.

काम कसे करायचे ते सांगणारे क्रियाविशेषण मुख्य क्रियापदाजवळ किंवा वाक्याच्या शेवटी शोभते. ‘क्लिअरली’ या एका शब्दावरून याचे महत्त्व कळते. ‘शी शुड एक्स्प्लेन द ऑर्डर क्लिअरली’ म्हणजे तिने हुकूम स्पष्ट करून सांगावा. ‘क्लिअरली, शी शुड एक्स्प्लेन द ऑर्डर’ म्हणजे तिने तो समजावून सांगायला हवा, यात शंका नाही. आणि ‘शी शुड क्लिअरली एक्स्प्लेन द ऑर्डर’ या वाक्याचे दोन्ही अर्थ निघतात. लेखी सूचनेत हे तिसरे वाक्य टाळलेलेच बरे.

जागेचा सर्वात मोठा परिणाम नकारात दिसतो. ‘ही पॉसिब्ली कॅनॉट कम टुडे’ म्हणजे कदाचित आज त्याला येता येणार नाही. ‘ही कॅनॉट पॉसिब्ली कम टुडे’ म्हणजे आज तो येणे शक्यच नाही. शब्द तेच, संख्या तीच, फक्त ‘पॉसिब्ली’ने नकाराची रेषा ओलांडली. नकाराच्या बाहेर असताना ते वाक्य मवाळ करते. नकाराच्या आत गेल्यावर शक्यतेचा शेवटचा कणही नाकारला जातो आणि वाक्य एकदम ठाम होते. ‘रिअली’चेही असेच. ‘आय रिअली कान्ट से’ म्हणजे मला खरोखरच सांगता येत नाही. ‘आय कान्ट रिअली से’ म्हणजे तसे नक्की सांगता येत नाही. पहिल्यात दार बंद आहे, दुसऱ्यात किलकिले. आणि ‘हार्डली’ तर आपला नकार बरोबर घेऊनच येते, म्हणून ‘कॅन हार्डली’ पुरे. ‘कान्ट हार्डली’ प्रमाण इंग्रजीत चालत नाही.

मराठीत हे काम बरेचसे निपात करतात. ‘येईलही’, ‘येईल’, ‘येईलच’ अशी चढती भाजणी एका अक्षराने होते, आणि ‘च’ किंवा ‘ही’ ज्या शब्दाला चिकटेल त्याच शब्दाला जोर मिळतो: ‘तोच येईल’, ‘तो उद्याच येईल’, ‘तो येईलच’. इंग्रजीला असा चिकटणारा कण नाही. तिथे आवाजाचा चढउतार, क्रियाविशेषण आणि त्याची जागा, एवढ्यावर भागवावे लागते. कागदावर आवाज उरत नाही. वाऱ्याच्या घोंघावात रेडिओवर तो पोहोचेलच असे नाही. तिथे सगळा भार शब्दांवर येतो.

मुरगाव बंदरात हा भार रोज उचलला जातो. जुवारी नदीच्या मुखाशी येणाऱ्या जहाजाचा कप्तान एका देशाचा, अधिकारी दुसऱ्या देशाचा, खलाशी तिसऱ्याच देशाचे असू शकतात. किनाऱ्यावरून बोलणाऱ्याची मातृभाषा कोकणी, मराठी किंवा आणखी कोणती. सगळ्यांमध्ये समान इंग्रजी, आणि तीही कोणाचीच घरची नाही. अशा संभाषणात ‘यू मे एन्टर’ हे वाक्य धोक्याचे. एकाला ती परवानगी वाटेल, दुसऱ्याला शक्यता, तिसऱ्याला सल्ला. त्यात ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ यांतला फरक खरखरीत एका ‘ट’वर उभा असतो.

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने यावर कडक उपाय केला. २००१ साली संघटनेच्या महासभेने सागरी संभाषणाची प्रमाण वाक्ये स्वीकारली आणि त्यांत मे, माइट, शुड, कुड हे चारही मोडल संदिग्ध म्हणून दाखवून ते टाळण्यास सांगितले. ‘कॅन’बद्दलही सावधगिरी सांगितली आहे, कारण त्याने शक्यता आणि क्षमता दोन्ही सांगता येतात. मोडल काढून टाकल्यावर त्याचे काम कोणी करायचे? त्यासाठी वाक्याच्या आधी एक खुणेचा शब्द उच्चारण्याची सोय आहे. अशा खुणा आठ आहेत: सूचना, सल्ला, इशारा, माहिती, प्रश्न, उत्तर, विनंती आणि इरादा, अर्थात त्यांचे इंग्रजी शब्द.

प्रत्यक्षात ते असे दिसते. जलमार्गात शिरायची परवानगी मागणारा अधिकारी ‘मे आय’ म्हणत नाही. तो आधी ‘क्वेश्चन’ म्हणतो आणि मग आपल्याला परवानगी आहे का, असे सरळ विचारतो. किनाऱ्यावरून ‘आन्सर’ म्हणून परवानगी आहे किंवा नाही, असे उत्तर येते. अमुक ठिकाणी नांगर टाकणे बरे, हे सांगताना ‘यू शुड’ येत नाही. ‘ॲडव्हाइस’ म्हणून नुसते ‘नांगर टाका’ असे क्रियापद येते. संकटाची शंका असेल तर ‘यू कुड बी’ असे सौम्य वाक्य चालत नाही. ‘वॉर्निंग’ म्हणून तुम्ही संकटाकडे चालला आहात, असे ठाम वर्तमानकाळात सांगायचे. ‘आय माइट’ म्हणणाऱ्याला तर आधी मन पक्के करावे लागते, कारण ‘इन्टेन्शन’ या खुणेनंतर ‘आय विल’ येतो. सभ्यपणासाठी इंग्रजी शिकवताना ‘कुड यू पॉसिब्ली’ मुद्दाम घोटून घेतात. समुद्रावर तेच वाक्य अडचणीचे ठरते, कारण त्यातले ‘कुड’ आणि ‘पॉसिब्ली’ हे दोन्ही शब्द विनंतीची धार बोथट करण्यासाठीच असतात. भाषेतली नम्रता कमी करून माणसांची सुरक्षितता वाढवण्याचा हा निर्णय शहाणपणाचा आहे. जहाजावर पहाऱ्याची जबाबदारी घेणाऱ्या अधिकाऱ्याला ही वाक्ये समजणे आणि वापरता येणे हा त्याच्या पात्रतेचाच भाग आहे.

बोलण्यातून मोडल गेले तरी लेखी नियमांत ते भक्कम उभे आहेत. समुद्रावरच्या टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १५ जुलै १९७७पासून अमलात आले. मोडल आणि क्रियाविशेषण यांच्या जोड्या किती नेमक्या बांधता येतात, हे पाहायचे तर ते नियम वाचावेत. पाचव्या नियमात प्रत्येक जहाजाने नीट टेहळणी ठेवावी असे सांगताना ‘शॅल’च्या लगेच पुढे ‘ॲट ऑल टाइम्स’ आहे. म्हणजे बंधन आहे आणि त्याला सुट्टी नाही. सोळाव्या नियमात वाट देणाऱ्या जहाजाने वेळीच आणि ठळकपणे बाजूला व्हावे असे सांगताना ‘शॅल, सो फार ॲज पॉसिबल’ आहे. बंधन तेच, पण परिस्थितीला जागा ठेवली आहे. ‘शॅल’ दोन्हीकडे सारखाच, फरक शेजाऱ्याचा.

दहाव्या नियमातली ‘शॅल नॉट नॉर्मली’ ही जोडी जास्त बारकाईने वाचावी लागते. मार्गिका ओलांडणारी किंवा तिच्यात येणारी-जाणारी जहाजे सोडून इतर जहाजांनी वाहतूक विभागणाऱ्या पट्ट्यात शिरू नये, असा तो नियम आहे. ‘नॉर्मली’ इथे नकाराच्या आत आहे. त्यामुळे पट्ट्यात शिरण्याची मनाई सरसकट नाही. नेहमीच्या कामकाजात शिरायचे नाही, एवढीच आहे, आणि तातडीच्या संकटासारखे अपवाद तिथेच नमूद केले आहेत. ‘नॉर्मली’ काढून टाकले असते, तर नमूद केलेल्या अपवादांपलीकडे काहीच वाव उरला नसता.

वास्कोतल्या खारीवाड्याच्या धक्क्यावरून निघणाऱ्या मासेमारी ट्रॉलरसाठी नववा नियम महत्त्वाचा. अरुंद जलमार्गातून जाणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही जहाजाची वाट मासेमारी करणाऱ्या जहाजाने अडवायची नाही, असे तो ‘शॅल नॉट’ने सांगतो. तिथे सूट देणारे एकही क्रियाविशेषण जोडलेले नाही. ते नसणे हाही अर्थाचाच भाग आहे. ज्या नियमावलीत गरज पडेल तिथे ‘सो फार ॲज पॉसिबल’ लिहिले आहे, तिथे ते न लिहिलेली जागा मोकळी राहिली असे समजता येत नाही.

सतराव्या नियमात तर मोडलची एक पूर्ण चढण आहे. दोन जहाजे एकमेकांच्या वाटेत आली आणि एकाने वाट द्यायची ठरले, तर दुसऱ्याने आपली दिशा आणि वेग कायम ठेवायचा; इथे ‘शॅल’. समोरचा हलत नाही असे दिसू लागले, की या दुसऱ्याला स्वतःहून बाजूला होण्याची मुभा मिळते. इथे ‘मे हाउएव्हर’. आणि जहाजे इतकी जवळ आली, की एकट्या समोरच्याच्या हालचालीने टक्कर टळणार नाही, तर या जहाजाने टक्कर टाळायला सर्वात उपयोगी पडेल ते केलेच पाहिजे. इथे पुन्हा ‘शॅल’, आणि त्या कृतीचे वर्णन ‘विल बेस्ट एड’ या जोडीने. बंधन, मुभा, बंधन असा हा क्रम आहे. ‘हाउएव्हर’ने आधीच्या बंधनाला अपवाद जोडला नसता, तर पहिला ‘शॅल’ आणि नंतरचा ‘मे’ एकमेकांवर आदळले असते. १९६०च्या जुन्या नियमांत ही मधली मुभेची पायरी नव्हती. तिथे शेवटच्या क्षणीच्या कर्तव्यासाठी ‘शी ऑल्सो शॅल’ असे शब्द होते. ‘ऑल्सो’ कर्त्याला चिकटून, मोडलच्या आधी. अर्थ स्पष्ट: तिनेही, म्हणजे त्या दुसऱ्या जहाजानेही, हातपाय हलवायचे.

हाच ‘ऑल्सो’ गोव्याच्या भाषेच्या प्रश्नात मोडलच्या पलीकडे जाऊन बसला. गोवा, दमण आणि दीवच्या विधानसभेने ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा विधेयक मंजूर केले. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा राज्य झाले. कायद्याच्या तिसऱ्या कलमात कोकणीबद्दल ती राजभाषा असेल असे ‘शॅल बी’ने सांगितले आहे. पुढच्याच पोटकलमात मराठीबद्दल ‘शॅल ऑल्सो बी यूज्ड’ असे शब्द आहेत. सर्व किंवा कोणत्याही शासकीय कामांसाठी मराठीचाही वापर होईल, असा त्याचा आशय. मराठीला पूर्ण राजभाषेचा दर्जा मिळावा, ही मागणी पेडणे, डिचोलीसारख्या मराठीचे बळ असलेल्या भागांतून तेव्हापासून होत आली आहे, आणि तिच्या मुळाशी या दोन पोटकलमांतला फरक आहे.

व्याकरणाच्या नजरेने पाहिले, तर हा फरक मोडलमध्ये नाही. दोन्हीकडे ‘शॅल’च आहे, म्हणून बंधनाचे वजन दोन्हीकडे सारखे. फरक मुख्य क्रियापदात आहे: एका भाषेला ‘असणे’ मिळाले, म्हणजे दर्जा, दुसरीला ‘वापरले जाणे’ मिळाले, म्हणजे काम. ‘ऑल्सो’ या दोहोंना जोडतो, पण नेमके काय जोडतो हे त्याच्या जागेवरून पुरते ठरत नाही. ‘शॅल’ आणि ‘बी’ यांच्यामध्ये बसलेला ‘ऑल्सो’ कर्त्याकडेही पाहू शकतो आणि क्रियेकडेही. कर्त्याकडे पाहिले, तर कोकणीबरोबर मराठीही, असा अर्थ होतो. क्रियेकडे पाहिले, तर इतर तरतुदींखेरीज मराठीच्या वापराचीही तरतूद, असा होतो. मागच्या पोटकलमात नुकतीच कोकणी येऊन गेल्यामुळे पहिला अर्थच सरळ वाटतो. मराठीत ‘ही’ला असे मध्येच बसता येत नाही. ‘मराठीचाही वापर होईल’ किंवा ‘मराठीचा वापरही होईल’ यांतले एक निवडावेच लागते.

‘शॅल’च्या वजनाबद्दलही भारतीय न्यायालयांनी वेळोवेळी सांगितले आहे, की तो शब्द दिसला म्हणजे प्रत्येक वेळी मोडता न येणारे बंधन आलेच असे नाही. लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याबाबत संविधानाच्या ३२०व्या अनुच्छेदात ‘शॅल’ आहे. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात ती तरतूद निर्देशात्मक ठरवली. सल्ला घेतला नाही एवढ्याने सरकारची कृती रद्द होत नाही, असा निर्णय दिला. कायद्याचा हेतू, त्याची रचना, पाळला नाही तर काय होईल याचा उल्लेख, हे सगळे पाहून शब्दाचे वजन ठरते. म्हणूनच अलीकडे ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात कायदे लिहिणारे बंधनासाठी ‘शॅल’ टाळून ‘मस्ट’ वापरतात. भारतीय कायद्यांत ‘शॅल’ अजून रुळलेला आहे, त्यामुळे तो वाचताना त्याच्या दोन्ही बाजूंचे शब्द पाहावे लागतात: आधी ‘सब्जेक्ट टू’ किंवा ‘नॉटविथस्टँडिंग’ आहे का, आणि नंतर ‘ऑर्डिनरिली’, ‘ॲज फार ॲज प्रॅक्टिकेबल’ किंवा ‘फोर्थविथ’ आहे का. ‘ऑर्डिनरिली’ असेल तर अपवादाला वाव आहे. ‘फोर्थविथ’ असेल तर विलंबाला वाव नाही. राजभाषा कायद्यातले मराठीचे पोटकलम ‘नॉटविथस्टँडिंग’ने सुरू होते, म्हणजे आधीच्या पोटकलमात काहीही म्हटले असले तरी त्यातली तरतूद टिकते. आणि तिथल्या ‘शॅल ऑल्सो’नंतर ‘सर्व किंवा कोणत्याही’ कामांसाठी असे शब्द येत असल्यामुळे, वापर किती व्यापक ठेवायचा ही निवड मात्र कारभार करणाऱ्यांच्या हाती राहिली आहे.